स्तामेन मास्तरांनी कानाने घेतलेली जीप

स्तामेन मास्तर चहात साखर घालतात, पण ढवळत नाहीत. कप हातात धरून गोल फिरवतात. साखरेला जमलं तर ती विरघळते.

जिना उतरताना सात पायऱ्या झाल्या की किंचित थांबतात. आमच्याकडची बरीचशी गाणी सातांच्या ठेक्यात आहेत. सांस्कृतिक केंद्राचा जिना सोळा पायऱ्यांचा आहे. शेवटच्या दोन पायऱ्या ते चिडून उतरतात.

दार करकरलं तर आधी ते कुठल्या सुरात करकरतंय ते सांगतात. सूर बरा असेल तर तेल घालत नाहीत.

शेजाऱ्याच्या काँक्रीट मिक्सरला एकदा ते बेसूर म्हणाले. शेजाऱ्याने बोलणं टाकलं. महिन्याभराने मिक्सरही बदलला.

टोपी नेहमी दुसऱ्याच्या खुर्चीवर ठेवतात. मग त्या माणसाला उभं का राहायला लागतंय, म्हणून हळहळतात.

मी यासेन. राजधानीत, सोफियात साहित्य शिकलो, गावी परतलो आणि इथल्या सांस्कृतिक केंद्राचं वाचनालय सांभाळतो. माझ्या खालच्या खोलीत मास्तर गायदा शिकवतात. गायदा म्हणजे अख्ख्या बकऱ्याच्या कातड्याची पिशवी. फुंकायला एक नळी, बोटांना एक नळी, आणि खांद्यावरून मागे जाणारी तिसरी, लांब नळी. ही तिसरी नळी एकच खर्जातला सूर धरून बसते. पिशवीत हवा आहे तोवर सोडत नाही. मास्तर म्हणतात की माणसाने त्या नळीसारखं असावं. त्यांची बायको एल्का म्हणतात की आहेच तो तसा, तेच तर दुखणं आहे.

एकतीस वर्षं मास्तर दर गुरुवारी विसोकाला जात आले. विसोका म्हणजे डोंगरातलं वरचं गाव, आमच्यापासून अकरा किलोमीटर. त्यातल्या शेवटच्या चार किलोमीटरांना रस्ता असं फक्त कागदावर म्हणतात. मास्तरांचा जन्म तिथला. तिथे त्यांचे सहा शागीर्द. सर्वांत तरुण शागीर्द त्रेपन्न वर्षांचा, तो गावाचा टपालवाला. बाकीचे पासष्टीच्या पुढचे.

गेल्या उन्हाळ्यात लाकूडवाहू ट्रकांनी त्या चार किलोमीटरांची पार नांगरट केली. मिनीबस बंद झाली. मास्तरांची जुनी छोटी गाडी पहिल्याच ओढ्यात शिरली आणि बाहेर आली ती ट्रॅक्टरच्या मागून, भंगारात जायला. पुढचे दोन गुरुवार बुडाले. मग नगरपालिकेचं पत्र आलं. येत्या गुरुवारी निरीक्षक येतील. शिक्षक स्वतःच्या साधनाने अकराच्या आत विसोकाला हजर नसेल, किंवा शागीर्द सहापेक्षा कमी असतील, तर विसोकाचा वर्ग कायमचा बंद.

मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं. घडी घालून टोपीत ठेवलं. टोपी माझ्या खुर्चीवर ठेवली.

"यासेन," ते म्हणाले, "शनिवारी सोफियाला जायचं. फोर बाय फोर घ्यायची. डिझेल. म्हातारी चालेल, पण दमाची हवी."

"आणि मला बाजारात नेणारी," दारातून एल्का म्हणाल्या. "डोंगरात नाचवायला एक आणि रोजच्याला एक, अशा दोन काही घेणार नाहीस तू. एकीनेच दोन्ही करायचं. मी करते ना?"

शनिवारी आम्ही तिघं निघालो. तिसरा फिक्रेत, गावचा मेकॅनिक. मास्तर आणि तो शाळेत एका बाकावर होते. फिक्रेतने एक यादी आणली होती: चासीचा गंज, क्लच, टायमिंग बेल्ट, धूर कुठल्या रंगाचा, तेलात पाणी, पाण्यात तेल. मास्तरांनी गायदा आणली होती.

"ती कशाला?" फिक्रेतने विचारलं.

"तू हातोडी कशाला आणलीस?"

फिक्रेतने हातोडी सीटखाली सरकवली.

जुन्या गाड्यांचा बाजार शहराच्या टोकाला, मोठ्या मैदानात भरतो. तिथली प्रत्येक गाडी एक लाख शहाऐंशी हजार किलोमीटर चाललेली असते. एखादी चुकून एक लाख ब्याऐंशी. प्रत्येक गाडीचा आधीचा मालक एक जर्मन म्हातारा असतो आणि तो फक्त रविवारी चर्चला जात असतो. मला त्या म्हाताऱ्याची काळजी वाटू लागली. एका माणसाने इतक्या गाड्या घेऊन इतकं चर्चला जाणं बरं नव्हे.

दुपारपर्यंत फिक्रेतने चौदा जीपा नापास केल्या. एकीच्या चासीवर हातोडी मारली तर हातोडी आत राहिली.

मग शेवटच्या रांगेत ती दिसली. हिरवी, तीन दारांची, जपानी. एकोणतीस वर्षांची. मीटरवर चार लाख सत्त्याऐंशी हजार.

विकणारा ग्रोझ्दान नावाचा गृहस्थ होता. जाड, लोकरी बनियनमधला. मीटरकडे आमची नजर गेलेली पाहून तो ओशाळला.

"कालच आलीय ही," तो म्हणाला. "अजून आवराआवर करायला वेळ नाही झाला. सोमवारी आला असतात तर एक लाख शहाऐंशी असती."

"म्हणजे हा आकडा खरा आहे?" मी विचारलं.

"काय करणार," ग्रोझ्दानने हात पसरले. "लाज वाटते, पण खरा आहे."

फिक्रेतला आयुष्यात पहिल्यांदा खरा आकडा भेटला होता. तो थोडा वेळ मीटरकडे बघतच राहिला. मग गाडीखाली सरकला. खालून त्याचा आवाज येत होता. "चासी चांगली. कमालच आहे. गिअरबॉक्स गळतोय, थोडा. सायलेन्सरला भोक. क्लच म्हातारा. सुरू कर रे."

ग्रोझ्दानने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, काळा धूर टाकला आणि घरघरू लागलं.

"रेस फार चढलीय," फिक्रेत गाडीखालून ओरडला. "उभ्या गाडीला एवढी रेस? कुणीतरी स्क्रू पिळून ठेवलाय. मास्तर, ऐकतोस का?"

मास्तर ऐकत होते. बॉनेटवर एक हात ठेवून, डोळे मिटून. मी त्यांना असं फक्त एकदा पाहिलं होतं, त्यांच्या आईच्या अंत्यविधीला.

मग ते गायदेच्या पेटीकडे गेले. गायदा काढली, पिशवी फुगवली, काखेत दाबली. लांब नळीने तिचा सूर धरला.

इंजिन आणि नळी, दोघांचा सूर एकच. केसाचाही फरक नाही. कुठलं संपतं आणि कुठलं सुरू होतं तेच कळेना. फिक्रेत गाडीखालून बाहेर आला आणि तेलकट तोंडाने बघत बसला.

मास्तरांनी त्यावर चाल धरली. संथ, डोंगरातली. शेजारच्या रांगेतला एक ट्रकवाला पुढे आला. त्याने टायर विकणाऱ्या बाईचा हात धरला. तिने आणखी कुणाचा धरला. पाच मिनिटांत चार लाख सत्त्याऐंशी हजार चाललेल्या जीपभोवती पंचवीस-तीस माणसांचा होरो फेर धरून फिरत होता. एकजण नाचता नाचता दुसऱ्याला व्हॅन विकत होता.

ग्रोझ्दानने गर्दी बघितली आणि किंमत दोनशे लेव्हांनी वाढवली.

"अरे, गाडी विकतोस की तिकिटं लावतोस?" फिक्रेत उखडला.

"वाजवतात ते माझ्या गाडीवर ना? साथ कुणाची आहे?"

"साथीला हिचा गिअरबॉक्स गळतोय!"

"वाढव," मास्तर म्हणाले. "हिला सोडून मी जात नाही."

फिक्रेतने हातोडी जमिनीवर टाकली. "यासेन, तू शिकलेला आहेस. सांग याला. गाडी कानाने घेतात का?"

मी फेरात होतो. टायरवाल्या बाईने माझा हात घट्ट धरला होता.

घरी पोचलो तर अख्खी गल्ली दारात. आमच्याकडे नवी वस्तू घेतली की पाजावं लागतं. साधी किटली घेतली तरी दोन शेजारी येऊन बसतात. जीप म्हणजे राकिया या फळांच्या दारूच्या चार बाटल्या आणि बटाट्याच्या पतातनिकचे दोन मोठे तवे. एल्कांनी प्रथेप्रमाणे पाण्याची तांब्याची बादली गाडीपुढे ठेवली आणि पायाने लवंडली, म्हणजे सगळं पाण्यासारखं सुरळीत वाहावं. मग आत बसायला गेल्या. पाय पोचेना.

"ही रोजची गाडी?"

"रोजचीच," मास्तर म्हणाले.

"मग रोज शिडी कोण लावणार?"

"स्टूल देतो."

"आणि मागच्या सीटला दारच नाही! माझ्या बहिणीला काय खिडकीतून भरायची?"

"तुझ्या बहिणीसाठीच तीन दारांची घेतली," मास्तर म्हणाले. सगळे हसले. एल्काही हसल्या आणि मग त्यांनी मास्तरांच्या पुढचा पतातनिक उचलून शेजाऱ्याला दिला. त्याच, मिक्सरवाल्या. तोही आला होता. पाजणं असलं की अबोला सुटतो, दुसऱ्या दिवशी परत लागतो.

पुढचे तीन दिवस जीप फिक्रेतकडे होती. बुधवारी दुपारी आम्ही आणायला गेलो. फिक्रेत हात पुसत, आईने मुलाला आंघोळ घालून बाहेर आणावं तशा चेहऱ्याने उभा होता.

"तेल बदललं. फिल्टर बदलले. सायलेन्सरचं भोक बुजवलं. बेल्ट नवा. गळती थांबवली. आणि ती रेसही खाली आणली. आता बघ कशी मांजरीसारखी चालते."

त्याने किल्ली फिरवली. जीप मऊ, खालच्या आवाजात गुरगुरली. खरंच मांजरीसारखी.

मास्तरांनी टोपी काढली. ते मटकन टायरवर बसले.

"काय केलंस हे, फिक्रेत?"

"बरी केली!"

"ती आजारी नव्हती."

"मास्तर, तिची रेस इतकी होती की लाल सिग्नलला उभी असताना सोफियापर्यंत जाण्याइतकं डिझेल खाल्लं असतं तिने!"

"आमच्याकडे सिग्नल आहे का?"

"नाही."

"मग?"

फिक्रेतने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

"तीन दिवस मी हिच्या पोटाखाली झोपलोय," तो हळू आवाजात म्हणाला. "चाळीस वर्षांत कुणाची गाडी इतकी मन लावून केली नाही. आणि तू म्हणतोस परत बिघडव."

"सगळं नको. तेवढा एक स्क्रू. आणि तो सायलेन्सर..."

"सायलेन्सरला परत भोक पाडणार नाही मी! मेलो तरी!"

तडजोड झाली. सायलेन्सर बुजलेलाच राहिला. स्क्रू परत पिळायचा ठरला. मास्तर गायदा घेऊन बॉनेटशी उभे राहिले, फिक्रेत पाना घेऊन आत वाकला. "थोडं वर. अजून. नाही, गेलास पुढे. मागे ये. केसभर. थांब! हात काढ! हात काढ म्हणतो ना!" फिक्रेतने हात काढला आणि स्क्रूवर पांढऱ्या रंगाची खूण केली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. रंगाचा वास उग्र होता, असं तो म्हणाला.

गुरुवारी सकाळी निरीक्षक आल्या. कापका दोनेवा. चाळिशीच्या, हातात फाइल, पायात शहरातले पातळ बूट. त्यांची सरकारी गाडी डांबरी रस्ता संपतो तिथे थांबली आणि ड्रायव्हरने पुढे जायला साफ नकार दिला.

"मग मी वर कशी जाणार?" दोनेवाबाईंनी विचारलं.

मास्तरांनी अदबीने स्टूल पुढे ठेवलं.

बाई पुढे बसल्या. मी मागे, गायदेची पेटी मांडीवर. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्या गुडघाभर खोल होत्या आणि त्यांत चिखल भरला होता. मास्तरांनी मोठ्या गिअरशेजारचा छोटा दांडा मागे ओढला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि दोन्ही पाय सीटखाली घेतले.

जीप चालू लागली. चढावर. आपली आपण.

चढलेली रेस, छोटा दांडा आणि पहिला गिअर मिळून ती बैलासारखी ओढत होती. थांबत नव्हती आणि घाईही करत नव्हती. चढ वाढला तरी आवाज तसाच. दोन्ही बाजूंची चाकं चाकोरीत अडकलेली, त्यामुळे डावी-उजवीकडे जायचा प्रश्नच नव्हता.

"तुमचे पाय कुठे आहेत?" दोनेवाबाईंनी विचारलं.

"विश्रांती घेताहेत," मास्तर म्हणाले. "यासेन, पेटी उघड."

"मास्तर, नको," मी म्हणालो.

"पाऊण तास निघेल अजून. हात रिकामे बसलेत."

"स्टिअरिंग कोण धरणार?" बाईंचा आवाज चढला.

"चाकोरीने धरलंय. माझ्यापेक्षा घट्ट."

आणि त्यांनी गायदा वाजवायला घेतली.

मी चार वर्षं साहित्य शिकलो. त्या चार वर्षांत मला कुणी अशा प्रसंगाची तयारी करून दिली नाही. चालक दोन्ही हातांनी गायदा वाजवतोय. गाडी पंचेचाळीस अंशात डोंगर चढतेय. इंजिन खर्ज देतंय. नगरपालिकेच्या निरीक्षक एका हाताने फाइल आणि दुसऱ्या हाताने दाराची मूठ धरून, डोळे मिटून बसल्यात. पहिल्या ओढ्यात पाणी दारापर्यंत आलं. मास्तरांनी चाल बदलली.

दुसऱ्या ओढ्यापलीकडे गाई चरत होत्या. एकीने मान वर केली. मग दुसरीने. जीप पुढे गेली आणि मी काचेतून मागे बघितलं. तीन गाई आमच्या मागे चाकोरीतून चालत होत्या. थोड्या वेळाने पाच.

"मास्तर, गाई येताहेत."

मास्तरांनी वाजवता वाजवता भुवया उंचावल्या. गाई आपल्याकडच्या, चांगलं ऐकतात, असा त्याचा अर्थ असावा.

मग गाईंच्या मागून किंकाळी आली.

"ए! माझ्या गाई! चोरांनो! थांबा!"

मागे झुडपांतून एक म्हातारी काठी फिरवत पळत येत होती. झाफिरा आजी. एकाहत्तर वर्षांची. मास्तरांची सहावी शागीर्द.

"बाई, थांबवू का?" मास्तरांनी तोंडातली नळी क्षणभर काढली. "पण इथे थांबलो तर चिखलातून परत निघणार नाही."

"किती वाजले?" दोनेवाबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"दहा पस्तीस," मी म्हणालो.

बाईंनी दाराची मूठ आणखी घट्ट धरली. मग म्हणाल्या, "चालू द्या."

विसोकाच्या चौकात आम्ही दहा बावन्नला पोचलो. आम्ही म्हणजे जीप, तीन माणसं, पाच गाई आणि त्यांच्यामागे धापा टाकत झाफिरा आजी. शाळेच्या जुन्या खोलीबाहेर पाचजण बाकावर बसले होते. टपालवाला उठून उभा राहिला.

"मास्तर आले!" तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, आजही नाही येत. झाफिराने तर पैज लावली आणि गाई घेऊन गेली."

"मी म्हटलं, हा काय येतोय!" आजीने काठी मास्तरांच्या छातीवर टेकवली. "दोन गुरुवार फसवलंस! आणि आलास तो माझी गुरं पळवत!"

"गुरं नाही पळवली, आजी. तुम्हाला आणलं."

दोनेवाबाई स्टूलवरून उतरल्या. त्यांनी फाइल उघडली आणि बोट रोखून मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. झाफिरा आजीजवळ बोट थांबलं.

"ह्यासुद्धा?"

"मी इथे गुरांमागे आलेय, वर्गाला नाही," आजी फणकारली.

टपालवाल्याने डोळे मिटून घेतले. जीप चालूच होती. मास्तरांनी पिशवी काखेत दाबली आणि लांब नळीचा सूर धरला, इंजिनाच्या सुरावर.

आजीने मान तिरकी केली. तिने जीपकडे बघितलं, मग मास्तरांकडे.

"हे ते मशीन वाजवतंय?"

"हो."

"कधीपासून?"

"चार लाख सत्त्याऐंशी हजार किलोमीटर."

"आणि चुकत नाही?"

"अजून तरी नाही."

"मग तो टपालवाला काय करतो एवढी वर्षं?" आजी म्हणाली आणि काठी भिंतीला लावून आत गेली. "बसते. पण गाई कुणीतरी बघा."

गाई मी बघितल्या. म्हणून वर्गात काय झालं ते मी खिडकीबाहेरून पाहिलं. आधी मास्तर प्रत्येकाची गायदा सुरात लावत होते. बोटांच्या नळीत बसते ती बोरूची छोटी जिभली काढायची, चाकूने किंचित खरवडायची, तिच्यावर दोरा गुंडाळायचा, मेण लावायचं, बसवून बघायची, परत काढायची. पाच झाल्या. दोनेवाबाई कोपऱ्यात बसून फॉर्म भरत होत्या. शिक्षक: हजर. वेळ: दहा बावन्न. शागीर्द: सहा. "स्वतःचे साधन" या रकान्यापाशी त्या बराच वेळ थांबल्या, मग त्यांनी तिथे काहीतरी लिहिलं. त्यानंतर घड्याळ बघून एकदम उठल्या.

"यावर चारच्या आत शिक्का बसला पाहिजे. नाहीतर आजची भेट धरली जात नाही. मास्तर, निघायला हवं. आत्ताच."

मास्तरांच्या हातात तेव्हा झाफिरा आजीची जिभली होती. अर्धा दोरा गुंडाळून झाला होता.

"पाच मिनिटं, बाई."

"तुमची पाच मिनिटं मी ओढ्यात बघितली. चला. आणि उतरताना दोन्ही हात स्टिअरिंगवर."

मास्तरांनी जिभलीकडे बघितलं, फॉर्मकडे बघितलं. मग त्यांनी जिभली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि दोऱ्याचं सुटं टोक मेणाच्या गोळीखाली दाबलं.

"आणि माझी?" झाफिरा आजी ओरडली. "पाचांच्या लावल्यास, माझी तशीच?"

"हात लावू नका तिला," जीपमध्ये चढता चढता मास्तर म्हणाले. "गुरुवारी करतो."

जीप वळली. आजी आतून खिडकीपाशी आली आणि तिने एक बोट पुढे केलं. टपालवाल्याने तिचा हात धरला. जिभली कट्ट्यावर तशीच पडली होती, सात वेढे घातलेली, आठवा अर्धा.